माळ्यावरचा मॅकिंटॉश आणि त्यात अडकलेली आमची छाप

कोलकात्याची एक जुनी पार्टी आहे. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडून लुंगी उचलते. मध्यंतरी बारा-तेरा वर्षे व्यवहार बंद होता, मग मागच्या वर्षी तिकडून निरोप आला. माल पूर्वीचाच हवा, आणि लेबलही पूर्वीचेच हवे. नवे लेबल दाखवले तर त्यांनी सरळ सांगितले, "भाई, आमचे गिऱ्हाईक वाचत नाही, ओळखतो. ती जुनी छाप लावाल तर गाठी पाठवा, नाहीतर राहू द्या."

लुंगीच्या धंद्यात ज्यांची हयात गेली त्यांना यात नवल वाटणार नाही. खेड्यापाड्यातला गिऱ्हाईक सूत किती काउंटचे ते विचारत नाही. तो चित्र बघतो, अक्षराचे वळण बघतो आणि माल उचलतो. आमच्या छापेवरची अक्षरे मालेगावातल्याच एका कातिबसाहेबांनी बोरूने लिहिली होती. ते अल्लाला प्यारे होऊन वीस वर्षे झाली. ज्या प्रेसमध्ये लेबल छापत असू ती बंद पडली, जस्ताचे ब्लॉक भंगारात गेले. आमच्या कपाटात एकच छापील लेबल उरले होते. त्यालाही वाळवीने एका बाजूने खाल्ले, आणि नेमके कातिबसाहेबांचे शेवटचे अक्षर गेले.

मग आठवण झाली माळ्यावरच्या पेटीची.

ही पेटी म्हणजे अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश एलसी ४७५. पिझ्झाच्या डब्यासारखा चपटा, १९९३ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेला. १९९६ साली मुंबईत फोर्टमधल्या एका जाहिरात कचेरीने जुनी यंत्रे काढली, तेव्हा एका दलालामार्फत आम्ही तो घेतला. घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढले. मालेगावात त्या वेळी ज्याच्याकडे कॉम्प्युटर होता त्याच्याकडे विंडोजवाला होता. आमची पसंती मात्र साध्या कारणासाठी होती. आमची तालीम उर्दू माध्यमातली, इंग्रजी कच्चे. मॅकमध्ये चित्रांवर काम चाले. कागद टाकायचा तर कचऱ्याचा डबा, फाईल ठेवायची तर फोल्डर. सुझन केअर नावाच्या बाईंनी पहिल्या मॅकसाठी ही छोटी चित्रे काढली होती, हे आम्हाला फार पुढे समजले. तेव्हा एवढेच ठाऊक की हे यंत्र आम्हाला समजते.

त्यावर आम्ही कातिबसाहेबांचे लिखाण स्कॅन केले आणि आल्डस फ्रीहँड या प्रोग्रॅममध्ये एकेक वळण पुन्हा रेखून छाप बनवली. दहा वर्षे सगळी लेबले, दुपट्ट्यांचे कॅटलॉग, बिलांचे मथळे त्यावरच निघाले. २००६ च्या सुमारास ऑपरेटर सोडून गेला, बाहेर डीटीपी स्वस्त झाले, आणि मॅक ताडपत्रीत गुंडाळून माळ्यावर गेला.

जुनी यंत्रे माळ्यावर ठेवणारे आपल्या बांधवांत पुष्कळ आहेत. जुन्या प्रेसवाल्यांकडे, ब्लॉकमेकरांकडे, लग्नपत्रिका करणाऱ्यांकडे असे मॅक पडून असतील. त्यांच्या उपयोगासाठी हा सगळा खटाटोप आम्ही सविस्तर सांगत आहोत. यात आमच्या चुकाही आल्या, त्या लपवत नाही.

पहिली चूक अशी की यंत्र खाली उतरवले आणि तडक वीज लावली. गुढीसारखा घुमणारा सूर निघाला (मॅक चालू होताना जो आवाज येतो तो), पण पडदा काळाच. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने मॉनिटर गेल्याचे सांगून मोबदला घेतला. दुसऱ्याने बोर्ड जळाल्याचे सांगितले आणि भंगाराचा भावही तिथल्या तिथे केला. दोघांचेही चुकले. एलसी ४७५ मध्ये आत एक छोटी बॅटरी असते, ३.६ व्होल्टची लिथियम, नेहमीच्या पेन्सिल सेलच्या निम्म्या लांबीची. यंत्र बंद असतानाही घड्याळ आणि काही सेटिंग ती सांभाळते. ती संपली की हे मॉडेल पहिल्या झटक्यात चित्र देत नाही. सूर वाजतो, डिस्क फिरते, पडदा मात्र अंधारा. अशा वेळी मागचे बटण बंद करून लगेच पुन्हा चालू करायचे. दुसऱ्या खेपेला चित्र येते. आमच्या भाच्याने हे कुठूनतरी शोधून काढले. "मामू, एकदा बंद करून चटकन चालू करा," असे त्याने फोनवर सांगितले आणि आम्ही केले. मॉनिटरचा भाव ज्या दुकानात विचारून झाला होता तिथे पुन्हा जावे लागले नाही.

ही बॅटरी कॉम्प्युटरच्या दुकानात मागाल तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. कारखान्यांची नियंत्रक यंत्रे विकणाऱ्यांकडे मागा. त्यांच्या पीएलसी यंत्रांत हाच माप लागतो, त्याला ईआर १४२५० म्हणतात. आणि ज्यांचा मॅक अजून माळ्यावरच आहे त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की दुरुस्ती करा न करा, आज वर चढून ती बॅटरी तेवढी काढून टाका. जुनी होऊन ती फुटते, आतला पदार्थ बोर्डावर पसरतो आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. त्यानंतर उस्तादाचाही उस्ताद आला तरी बोर्ड वाचत नाही. आमची शाबूत निघाली ही निव्वळ खुदाची मेहेरबानी.

बॅटरी मेलेली असताना काम केलेत तर आणखी एक गंमत होते. यंत्राचे घड्याळ १९०४ सालात जाते, काही मॉडेलांत १९५६ मध्ये. त्या दिवशी ज्या फायली साठवाल त्यांच्यावर तीच तारीख बसते. जुन्या फायलींच्या तारखा तशाच राहतात. आम्ही हे आमच्या वकीलसाहेबांना उत्साहाने सांगितले, कारण छापेच्या नावावरून एकाशी आमचा वाद सुरू होता आणि आमच्या फाईलवर १९९६ ची तारीख होती. वकीलसाहेब म्हणाले, "कॉम्प्युटरची तारीख कोणीही बदलू शकतो. जुनी बिले आणा, चलने आणा." बिले निघाली. ती गोष्ट वेगळी.

बोर्डावरची गळती

चित्र आले, पण आवाज दर वेळी बारीक होत चालला आणि चौथ्या दिवशी यंत्र मध्येच थिजू लागले. याचे कारण बोर्डावरचे कपॅसिटर. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मॅकच्या बोर्डांवर छोट्या ॲल्युमिनियमच्या डबीसारखे कपॅसिटर बसवू लागले. त्यांच्या पोटात एक द्रव असतो. तीस-पस्तीस वर्षांत तो तळातून पाझरतो. डोळ्यांना दिसतही नाही, फक्त त्या जागी सोल्डरची चमक गेलेली असते. एसई/३०, क्लासिक, एलसी, आयआयएसआय, आयआयसीआय या सगळ्या मॉडेलांत हा आजार आहे. एसई/३० मध्ये पडद्यावर आडव्या पट्ट्या येतात, आयआयसीआय चालूच होत नाही, कुठे नुसता आवाज जातो. मूळ एकच.

यासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज पडली नाही. आमच्याच गल्लीत मोबाईल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो. हात एवढा साफ की मोबाईलच्या तांदळाएवढ्या चिपा उचलून बसवतो. त्याने मॅक जन्मात पाहिला नव्हता. बोर्ड पाहून म्हणाला, "चाचा, हे तर फार मोठाले पार्ट आहेत, यात काय अवघड?" लॅमिंग्टन रोडवरून आम्ही टँटलम जातीचे कपॅसिटर मागवले. बहुतेक ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे लागतात, पण ज्याचे त्याने आपल्या बोर्डावरचे जुने माप वाचूनच मागवावे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुन्या डबीवर जी काळी खूण असते ती ऋण टोकाची. नव्या टँटलमवर जी पट्टी असते ती धन टोकाची. खुणा उलट्या आहेत! खुणेला खूण जुळवून बसवाल तर वीज लावताच तो जळतो. मुलाने पहिला तसाच बसवला होता, नशिबाने वीज लावण्याआधी भाच्याचे लक्ष गेले. जुने कपॅसिटर काढताना गरम सोल्डरमधून सडक्या मासळीसारखी दुर्गंधी येते. ती गळालेल्या द्रवाची. घाबरू नये, खिडकी मात्र उघडी ठेवावी. सगळे काढून झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने घासून धुवायचा, पुरता सुकवायचा, मगच नवे बसवायचे. हे धुणे टाळले तर जुना द्रव नव्या सोल्डरलाही खातो. पक्कडीने पिळून कपॅसिटर तोडणारेही लोक आहेत, त्यांचे काम लवकर होते असे ऐकतो. आमच्या मते त्यात बोर्डावरचा तांब्याचा ठसा उखडण्याची भीती जास्त.

वीजपुरवठ्याच्या डब्यातही असेच कपॅसिटर असतात. मीटर लावून ५ आणि १२ व्होल्ट नीट येतात का ते पहा. आणि ज्यांच्याकडे प्लस, एसई, क्लासिकसारखा पडदा अंगातच असलेला मॅक आहे त्यांनी झाकण स्वतः उघडू नये. आत टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब असते, बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा झटका शिल्लक राहू शकतो. टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर बोलवावा.

बोर्ड बरा झाला. मग पडद्यावर फ्लॉपीचे चित्र आणि त्यात लुकलुकणारे प्रश्नचिन्ह! म्हणजे यंत्र विचारते आहे, सिस्टीम कुठे आहे? हार्ड डिस्क फिरत होती, पण आतली सुई जागची हलत नव्हती. त्या काळच्या काही डिस्कांत आत रबराचा छोटा आडवा ठोकळा असतो, तो वितळून डिंकासारखा होतो आणि सुईला धरून ठेवतो. आम्ही आठ दिवस विचार केला. डिस्कचे झाकण उघडणे म्हणजे तिचे आयुष्य संपवणे, धूळ गेली की संपले. पण न उघडता आमची छाप बाहेर येणार नव्हती. शेवटी त्या मुलाने स्वच्छ खोलीत, पंखा बंद करून, झाकण काढले, सुई हलक्या हाताने सोडवली, झाकण लावले. डिस्क जागी झाली. किती वेळ चालेल याचा भरवसा नव्हता, म्हणून पहिले काम नकलेचे. आधी नक्कल, मग बाकी सगळे, हा क्रम आम्ही पाळला म्हणूनच आज हे लिहीत आहोत. पाचव्या दिवशी ती डिस्क कायमची बंद पडली.

नक्कल करायची कशावर? हल्ली ब्लूएससीएसआय नावाचे एक छोटे कार्ड मिळते. मॅकच्या जुन्या एससीएसआय सॉकेटला ते लावले की मोबाईलमधले मेमरी कार्ड मॅकला हार्ड डिस्क वाटते. त्याचे नकाशे खुले आहेत, ज्याला येते तो बनवू शकतो. आपल्या मोबाईलवाल्या मुलांना यात काम आहे असे आम्हाला वाटते. एका गोष्टीकडे लक्ष असावे की प्रत्येक डिस्कला वेगळा क्रमांक द्यायचा असतो, मॅक स्वतः ७ धरतो. दोन डिस्कांना एकच क्रमांक दिला तर दोन्ही दिसत नाहीत.

किल्ली पेटीच्या आत

आता यंत्र सुरू करायला सिस्टीम हवी. आमच्या यंत्राबरोबर आलेली सिस्टीम ७.१. तिला या मॉडेलसाठी 'एनेबलर ०६५' नावाची वेगळी फाईल लागते, ती नसेल तर एलसी ४७५ सुरूच होत नाही. सिस्टीम ७.५ घेतली तर ही भानगड राहत नाही. अ‍ॅपलने ७.५.३ ही आवृत्ती स्वतःच फुकट खुली केली होती, फ्लॉपीवर मावतील असे एकोणीस तुकडे करून. म्हणजे ती एकमेकांना देण्यात बेइमानी नाही. पण ते तुकडे बांधलेल्या रूपात असतात. सोडायला स्टफइट एक्सपांडर हा प्रोग्रॅम लागतो, आणि एक्सपांडर स्वतःही बहुतेक ठिकाणी बांधलेल्या रूपातच मिळतो. पेटीची किल्ली पेटीच्या आत!

यातून एका माणसानेच सोडवले. पुण्याचे एक गृहस्थ, सत्तरी गाठलेले, पूर्वी डीटीपी करीत. त्यांच्या घरात आठ-नऊ जुने मॅक चालू स्थितीत आहेत. ओळख ना पाळख, भाच्याने फोन केला आणि चौथ्या दिवशी कुरिअरने मेमरी कार्ड आले. त्यात ७.५.३ बसवलेली, एक्सपांडर सोडवून ठेवलेला, डिस्क फर्स्ट एड ठेवलेले. पैसे विचारले तर म्हणाले, "साहेब, आम्हालाही कोणीतरी असेच दिले होते."

ही देवाणघेवाण मॅकच्या जगात जुनी आहे. अमेरिकेत बर्कलीला १९८४ साली बीएमयूजी नावाची मंडळी जमली. ते मोफत आणि शेअरवेअर प्रोग्रॅम फ्लॉपीवर भरून नाममात्र किमतीत देत आणि एकमेकांची यंत्रे दुरुस्त करीत. २००० साली ती संस्था संपली. बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी त्याहून जुनी, १९७७ ची, आणि ती काढणारा जोनाथन रोटेनबर्ग तेव्हा तेरा वर्षांचा होता. स्टफइट लिहिणारा रेमंड लाऊ १९८७ साली न्यूयॉर्कच्या शाळेत शिकत होता. शेअरवेअरचा दस्तूर असा की वापरून पहा, आवडले तर पैसे पाठवा. आमच्या बाजारातला 'जांगड' माल तोच. पसंत पडला तर बिल करा, नाहीतर परत.

फ्लॉपीबरोबर व्हायरसही फिरत. एनव्हीआयआर नावाचा होता तो यंत्रात बोलण्याचा प्रोग्रॅम असेल तर "घाबरू नका" अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य बोलत असे, नसेल तर नुसता बीप करी. डब्ल्यूडीईएफ तर फ्लॉपी आत घालताच लागे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जॉन नॉरस्टॅड यांनी 'डिसइन्फेक्टंट' लिहून फुकट वाटले आणि १९९८ पर्यंत चालवले. जुन्या फ्लॉप्या उघडण्याआधी ते आजही कामाला येते.

आता जायज-नाजायजचा प्रश्न. कंपनी बंद पडली, प्रोग्रॅम विकत मिळत नाही, म्हणून तो बेवारस झाला असे पुष्कळ लोक समजतात. कायदा तसे म्हणत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमला पुस्तकासारखेच धरले आहे. कलम ५२ प्रमाणे ज्याच्याकडे रीतसर घेतलेली प्रत आहे तो नुकसानीपासून बचावासाठी नक्कल ठेवू शकतो. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरली तर कलम ६३ब आहे, सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. जुन्या प्रोग्रॅमसाठी कोणी दारात येत नाही हेही खरे. पण धंद्यात वापरायचे तर आपल्या हातात बिल असावे. पुण्याच्या त्या गृहस्थांचाही हाच नियम. अ‍ॅपलने खुले केलेले ते मोकळ्या हाताने देतात, विकत घ्यायच्या वस्तूसाठी आधी बिल विचारतात.

आम्हालाही विचारले. कारण पुढचा अडथळा फाँटचा निघाला.

यंत्र चालू झाले, फ्रीहँड उघडले, छापेची फाईल उघडली. कातिबसाहेबांची अक्षरे जशीच्या तशी समोर आली, शेवटचे अक्षरसुद्धा. आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग खाली नजर गेली. लेबलावरच्या मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम असा नुसता गोंधळ. त्या काळी युनिकोड आपल्या भाषांपर्यंत आलेला नव्हता. प्रत्येक मराठी फाँट इंग्रजी कळांच्या जागेवर आपली अक्षरे बसवी, आणि एका कंपनीची जागा दुसऱ्या कंपनीशी जुळत नसे. तोच फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. आमच्या डिस्कवर फाँटचा तो भाग खराब झाला होता.

चिंता नव्हती, कारण २००६ मध्ये भाच्याने सगळे फाँट विंडोजच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमध्ये उतरवून ठेवले होते. पेनड्राइव्ह उघडला. नावे सगळी होती, आणि प्रत्येक नावापुढे शून्य! फाँटच्या पिशव्या होत्या, आत काही नव्हते.

याचे कारण विणकराला एका वाक्यात समजेल. जुन्या मॅकची फाईल ताणा आणि बाणा अशा दोन सुतांची असते. एकाला डेटा फोर्क म्हणतात, दुसऱ्याला रिसोर्स फोर्क. विंडोजला फक्त ताणा दिसतो, बाणा ते वाटेत टाकून देते. चित्राची किंवा मजकुराची फाईल ताण्यावरही निभावते. जुन्या मॅकचा फाँट मात्र सगळाच बाण्यात असतो, प्रोग्रॅमचेही बहुतांशी तेच. तेव्हा मॅकच्या फायली बाहेर नेताना आधी स्टफइटने बांधाव्या, किंवा बिनहेक्स, मॅकबायनरी या रूपात करून घ्याव्या, मगच दुसऱ्या यंत्राला लावाव्या. नुसते ओढून टाकले की गेले. आमच्यासारख्या किती लोकांनी असे शून्य सांभाळून ठेवले असतील!

मूळ फ्लॉप्या शोधल्या. एक ८०० केची निघाली. बाजारातली यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ती वाचत नाही, तिला फक्त १.४४ मेगाबाइटची कळते. कारण ४०० आणि ८०० केच्या फ्लॉपीत मॅक आतल्या-बाहेरच्या चकतीनुसार फिरण्याचा वेग बदलतो, बाकीच्या ड्राइव्ह एकाच वेगाने फिरतात. मॅकच्या स्वतःच्या ड्राइव्हने वाचून पाहिले, अर्ध्यात अडली, बुरशी होती. शेवटी पुन्हा पुण्याला फोन. तोच फाँट त्यांच्याकडे होता. आमचे १९९७ चे बिल जुन्या चोपडीत सापडले, त्याचा फोटो पाठवला, फाँट आला.

फाँट बसवल्यावर यंत्र सुरू होताना अडू लागले. असे झाले तर शिफ्ट कळ दाबून ठेवून चालू करावे, म्हणजे जादा जोडण्या बंद राहतात, मग एकेक काढून दोषी शोधावा. चिन्हे उलटसुलट झाली तर कमांड आणि ऑप्शन दाबून चालू करावे, डेस्कटॉप नव्याने बांधला जातो. सेटिंग बिघडले तर कमांड, ऑप्शन, पी आणि आर एकदम. कीबोर्डची वायर मात्र यंत्र चालू असताना काढू-घालू नये, सॉकेट जळते.

मजकूर दिसताच पहिल्यांदा आम्ही सगळी अक्षरे रेषांत बदलून घेतली, म्हणजे पुढे फाँट असो नसो. मग ईपीएस रूपात फाईल काढली. ७.५ मध्ये पीसी एक्स्चेंज असल्यामुळे विंडोजच्या १.४४ फ्लॉपीवर ती उतरली आणि छापखान्याच्या नव्या कॉम्प्युटरवर उघडली. हे काम जुन्या यंत्रावरच केलेले बरे. फ्रीहँड आल्डसकडून पुढे मॅक्रोमीडियाकडे गेले, २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया घेतली आणि २००७ साली फ्रीहँड बंद केले. लिबरऑफिसचा ड्रॉ फ्रीहँडच्या बऱ्याच फायली उघडतो, फुकटही आहे, पण आमच्या छापेतली बारीक वळणे त्यात हलली. जुन्या टाइप १ फाँटचा आधारही अ‍ॅडोबीने २०२३ च्या जानेवारीत काढून घेतला. मेमरी कार्ड सरळ नव्या मॅकला लावू म्हणाल तर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून नवे मॅक जुन्या एचएफएस डिस्का वाचतच नाहीत.

यंत्र पुन्हा कधी बसेल सांगता येत नाही, म्हणून आपल्याच बोर्डावरच्या रॉमची नक्कल काढून भाच्याने बॅसिलिस्क नावाच्या प्रोग्रॅमने लॅपटॉपमध्ये एक नकली मॅक उभा केला. फ्रीहँड त्यावरही चालते. आम्हाला माळ्यावरचाच बरा वाटतो, पण मुले लॅपटॉपवर करतात.

खर्चाचा हिशेब विचाराल तर कपॅसिटर, बॅटरी, कार्ड आणि त्या मुलाची मजुरी मिळून, छाप नव्याने चित्रकाराकडून काढून घेण्याएवढाच आला. पण चित्रकाराने काढली असती ती कातिबसाहेबांची नसती, आणि कोलकात्याने ओळखली नसती. मुलाकडे आता नाशिकहून दोन मॅक दुरुस्तीला आले आहेत.

लेबल छापून पहिल्या गाठी रवाना झाल्या. पार्टीचा फोन आला, छाप बरोबर आहे, हिरवा रंग पूर्वीपेक्षा किंचित गडद झाला आहे, पुढच्या खेपेला सांभाळा. ते आमच्या शाईवाल्याचे काम. आमचे राहिलेले काम वेगळेच आहे. १९९८ चा दुपट्ट्यांचा सगळा कॅटलॉग, तीनशेच्या वर डिझाइन, सायक्वेस्टच्या ४४ मेगाबाइटच्या दोन काडतुसांत बंद आहे. काडतुसे शाबूत दिसतात, ती वाचणारी ड्राइव्ह मात्र अजून मिळालेली नाही. पुण्याच्या गृहस्थांकडे एक होती, तिचा पट्टा तुटला आहे. पुढच्या आठवड्यात मुलगा ती पाहायला जाणार आहे.